टॅक्सीवाल्याचा हिशेब

जुन्या मुंबईचे एखादे छायाचित्र किंवा एखादा जुना चित्रपट आठवून पाहा. मरीन ड्राइव्ह असो, बोरीबंदर असो की मोहम्मद अली रोड असो, रस्त्यावर एक छोटी मोटार हटकून दिसते. अंग काळे, छप्पर पिवळे. टपावर सामान ठेवण्यासाठी लोखंडी कॅरिअर. पुढे डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर. ही मुंबईची फिएट टॅक्सी. पुढे तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले, पण लोक तिला शेवटपर्यंत फिएटच म्हणत राहिले.

कित्येक वर्षे मुंबईतील टॅक्सीचालकांनी हीच गाडी पसंत केली. ती फार देखणी होती का? तिच्याहून देखण्या गाड्या पुढे पुष्कळ आल्या. ती फार वेगाने धावत होती का? मुंबईच्या गर्दीत वेगाचा काय उपयोग! मग टॅक्सीचालकांनी तिच्यात पाहिले तरी काय? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे किफायत.

हा शब्द तुम्हाला घरचाच वाटेल. तो अरबी-फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. हिशेब, खर्च, जमा, फायदा, नुकसान, दुरुस्ती हे शब्दही दोन्ही भाषांनी आपले मानले आहेत. आज आपण या ओळखीच्या शब्दांच्या मदतीने एका टॅक्सीवाल्याचा हिशेब समजून घेऊ.

प्रथम या गाडीची थोडी माहिती घेऊ. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. इटलीच्या फिएट कंपनीशी करार करून येथे फिएट गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ साली 'फिएट ११०० डिलाइट' ही गाडी आली. १९७४ साली तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे होते, म्हणजे साधारण एक लिटरहून थोडे मोठे.

त्या काळी आजच्यासारख्या पन्नास प्रकारच्या गाड्या बाजारात मिळत नव्हत्या. परदेशी गाडी आणायची तर भारी कर भरावा लागे. देशात मोटारी बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. फिएटच्या बरोबरीची दुसरी मोठी गाडी म्हणजे ॲम्बॅसॅडर. तिचे इंजिन १,४८९ सीसीचे होते. ती ऐसपैस होती, मजबूत होती. कोलकात्याच्या टॅक्सीचालकांनी तिला आपलेसे केले. मुंबईने मात्र फिएट निवडली. एकाच देशातील दोन शहरांनी दोन वेगळ्या गाड्या का निवडल्या असतील? जरा विचार करा.

पहिले कारण इंधन. टॅक्सी दिवसभर रस्त्यावर असते. सिग्नलला थांबते, पुन्हा निघते, गर्दीत रांगते. मोठे इंजिन आणि जड अंग असलेली गाडी यात जास्त पेट्रोल पिते. फिएटचे इंजिन लहान आणि अंग हलके. घरातील मोटार आठवड्यातून दोनदा बाहेर निघत असेल, तर हा फरक फारसा जाणवत नाही. पण ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याला तो रोज संध्याकाळी पैसे मोजताना जाणवतो.

दुसरे कारण जागा. मुंबई शहर ही समुद्रात शिरलेली एक चिंचोळी पट्टी आहे. दक्षिण मुंबईत रिक्षांना परवानगी नाही. त्या माहीम आणि शीव यांच्या पलीकडे, उपनगरांत धावतात. त्यामुळे भुलेश्वर, नळ बाजार, भेंडी बाजार अशा दाट वस्तीच्या गल्ल्यांतही टॅक्सीलाच शिरावे लागते. ॲम्बॅसॅडरची लांबी सुमारे ४.३ मीटर होती, तर फिएटची सुमारे ३.९ मीटर. हा फरक एका हाताएवढाच आहे. पण हातगाड्या आणि माणसे यांच्यामधून वाट काढताना, अरुंद जागेत गाडी वळवताना हा एक हातही मोलाचा ठरतो.

लहान असूनही ही गाडी आतून तोकडी नव्हती. गिअरचा दांडा खाली जमिनीवर नसून स्टिअरिंगजवळ होता. त्यामुळे पुढचे बाक मोकळे राहत असे. मागे तिघे आणि पुढे चालकाशेजारी एक, असे चार उतारू बसत. सामान टपावरच्या कॅरिअरवर जाई. मराठीत अशा गुणी वस्तूसाठी एक छान शब्दप्रयोग आहे. कमी त्रास देऊन जास्त दूध देणाऱ्या गाईला 'आखूडशिंगी, बहुदुधी' म्हणतात. फिएट ही टॅक्सीवाल्याची तशी गाय होती.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे दुरुस्ती. फिएटचे यंत्र साधे होते. बॉनेट उघडले की सारे भाग डोळ्यांसमोर दिसत. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर लहानसहान बिघाड काढता येत असे. गल्लीतल्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला ही गाडी पाठ असायची. कारखाना कुर्ल्यात असल्याने नवे सुटे भाग जवळच मिळत. नवा भाग परवडला नाही तर जुने भाग विकणारी दुकानेही शहरात होती. कोलकात्याची गोष्टही अशीच आहे. ॲम्बॅसॅडरचा कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे होता. जी गाडी जवळ बनते, तिचे मिस्त्री आणि तिचे सुटे भाग जवळ सापडतात. आता दोन शहरांच्या दोन आवडींचे कोडे थोडेफार उलगडले ना?

दुरुस्तीला एवढे महत्त्व का द्यायचे, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातील आकडे आपण केवळ हिशेबासाठी धरले आहेत. वही-पेन्सिल घ्या.

समजा, पेट्रोल लिटरला १०० रुपये आहे. दोन टॅक्सी आहेत. दोन्ही रोज १२० किलोमीटर धावतात. पहिली एका लिटरमध्ये १५ किलोमीटर जाते, दुसरी १२ किलोमीटर. पहिलीला रोज ८ लिटर पेट्रोल लागेल आणि दुसरीला १० लिटर. म्हणजे पहिल्या चालकाचे रोज २०० रुपये वाचतील. दुसऱ्या चालकाच्या हाती पेट्रोलचा खर्च जाऊन रोज १,००० रुपये उरत असतील, तर पहिल्याच्या हाती १,२०० रुपये उरतील. कोणीही म्हणेल की पहिलीच गाडी घ्यावी.

पण थांबा, हिशेब अजून संपलेला नाही. समजा, महिन्यात कामाचे २५ दिवस आहेत. दुसरी गाडी पंचवीसही दिवस धावली. तिच्या चालकाला २५,००० रुपये मिळाले. पहिल्या गाडीचा एक भाग मोडला. तो भाग परगावाहून यायचा होता. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली. ती २१ दिवसच धावली. २१ दिवसांचे १,२०० रुपयांप्रमाणे २५,२०० रुपये झाले. आता दोघांत केवळ २०० रुपयांचा फरक उरला. त्यातच त्या भागासाठी ५०० रुपये जास्त मोजावे लागले. हाती राहिले २४,७०० रुपये. कमी पेट्रोल पिणारी गाडी शेवटी ३०० रुपयांनी महाग पडली!

म्हणूनच ज्यांचे हातावर पोट असते ते गाडीची केवळ किंमत विचारत नाहीत. ते विचारतात, रोज किती इंधन लागेल? बिघडली तर कोण दुरुस्त करील? भाग कितीला आणि केव्हा मिळेल? विकायला काढली तर कोणी घेईल का? चाक थांबले की घरची चूलही थांबते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. अनेक चालकांची तर टॅक्सीही स्वतःची नसते. ते मालकाला दर पाळीचे ठरलेले पैसे देतात, इंधन स्वतः भरतात, आणि उरेल ते घरी नेतात. अशा माणसाला एका दिवसाचा खोळंबाही परवडत नाही.

१९८३ साली मारुती ८०० ही छोटी गाडी आली. तिचे इंजिन तर ७९६ सीसीचेच होते. मध्यमवर्गीय कुटुंबांनी तिचे आनंदाने स्वागत केले. तरी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फिएट लगेच सोडली नाही. घरच्या मोटारीचा हिशेब वेगळा आणि टॅक्सीचा हिशेब वेगळा. चार उतारू, त्यांच्या बॅगा आणि ओळखीचा मिस्त्री, हे सारे त्यांना फिएटमध्ये मिळत होते.

मग फिएट गेली का? कारण हिशेब बदलला. १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत सीएनजी मिळू लागला. पुष्कळ फिएट टॅक्सी या स्वस्त आणि कमी धूर करणाऱ्या इंधनावर धावू लागल्या. गॅसची टाकी मागच्या डिकीत बसवावी लागे, म्हणून सामान टपावर गेले. असा एक बदल त्या जुन्या गाडीने पचवला. पण नव्या शतकाच्या सुरुवातीला तिची निर्मितीच बंद पडली. नवे भाग दुर्मीळ झाले. जी दुरुस्ती फिएटचे बळ होती, तीच आता डोकेदुखी झाली. उतारूंनाही अधिक आरामशीर गाड्यांची सवय लागली होती.

शिवाय एक खर्च असा होता की तो टॅक्सीवाल्याच्या वहीत कधी लिहिलाच जात नव्हता. तो म्हणजे धूर. जुने इंजिन झिजते, जास्त धूर सोडते. तो धूर रस्त्यावरचा वाहतूक पोलीस, फुटपाथवरचा विक्रेता, शाळेत चाललेली मुले आणि स्वतः चालक, सारेच श्वासाबरोबर घेतात. त्याचे पैसे गाडीवाला देत नाही. त्याची किंमत दुसऱ्याची फुप्फुसे देतात. म्हणून शासनाने मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात झाली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. अनेक मुंबईकरांना वाईट वाटले. एखादी तरी गाडी संग्रहालयात जपून ठेवा, अशी मागणीही झाली.

फिएटची जागा कोणी घेतली? सँट्रो, वॅगन आर अशा गाड्यांनी. गंमत पाहा, टॅक्सी म्हणून मुंबईत खूप चाललेल्या सँट्रोचे इंजिन १,०८६ सीसीचे होते, म्हणजे जवळजवळ फिएटएवढेच! गाडी बदलली, पण निवडीची रीत बदलली नाही. लहान अंग, बेताचे इंजिन, कमी इंधन आणि हाताशी असलेली दुरुस्ती, हेच पुन्हा पाहिले गेले.

मित्रांनो, 'महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार' ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. स्वस्त वस्तूची किंमत दुकानात कळते. किफायतशीर वस्तूची किंमत वापरताना कळते. सायकल घ्या, घड्याळ घ्या किंवा साधी चप्पल घ्या, विकत घेताना टॅक्सीवाल्याचा हिशेब आठवा. ही किती दिवस टिकेल? बिघडली तर दुरुस्त होईल का? आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणाला पदरमोड तर करावी लागणार नाही ना? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याला दुकानदार सहसा फसवू शकत नाही.

शब्दार्थ

किफायतशीर : कमी खर्चात जास्त उपयोग देणारे
हटकून : नेमके, नक्की
चिंचोळी : अरुंद
तोकडी : अपुरी
हातावर पोट असणे : रोज कमवून रोज खाणे
खोळंबा : काम अडून राहणे
पदरमोड करणे : स्वतःचे पैसे खर्च करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कोठे होता?
(आ) फिएट टॅक्सीत पुढचे बाक मोकळे का राहत असे?
(इ) मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी केव्हा झाली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोलकात्याने ॲम्बॅसॅडर आणि मुंबईने फिएट का निवडली?
(आ) कोणता खर्च टॅक्सीवाल्याच्या वहीत लिहिला जात नव्हता? तो कोणाला सोसावा लागे?

३. 'आखूडशिंगी, बहुदुधी' आणि 'हातावर पोट असणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

५. तुमच्या ओळखीच्या रिक्षाचालकाला किंवा टॅक्सीचालकाला विचारा : "काका, तुम्ही हीच गाडी का घेतलीत?" त्यांचे उत्तर आपल्या शब्दांत लिहा.