एका टोमण्यातून जन्मलेली सेवा



आपल्या चर्चच्या दाराजवळ गरिबांसाठी एक पेटी आहे. मिस्सा झाल्यावर आपण तिच्यात नोट टाकतो आणि कर्तव्य संपले असे समजून घरी जातो. ही पेटी ज्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची आहे, तिचा जन्म मात्र एका टोमण्यातून झाला.

१८३२ मध्ये पॅरिस शहरात कॉलऱ्याने हजारो बळी घेतले होते. कामगारवस्त्यांत उपासमार होती. त्याच शहरात काही कॅथलिक विद्यार्थी चर्चामंडळात ख्रिस्ती श्रद्धेची बाजू हिरिरीने मांडत. एकदा विरोधकांनी त्यांना विचारले, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले, मान्य. पण आज गरिबांसाठी तुम्ही स्वतः काय करता? कायद्याचा विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम याला हा प्रश्न जिव्हारी लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि एमॅन्युएल बायी हे वयाने मोठे पत्रकार एकत्र आले आणि कामाला सुरुवात झाली.

उत्साह होता, अनुभव नव्हता. तो सिस्टर रोझाली रांदू यांनी दिला. गरीब कुटुंबांची नावे त्यांनीच दिली आणि गरिबाच्या घरात आदराने कसे जावे हेही शिकवले. पुढे या तरुणांनी सतराव्या शतकातील गरीबकैवारी संत विन्सेंट डी पॉल यांना आश्रयदाते मानले.

सोसायटीची रीत समजून घेण्यासारखी आहे. ही प्रापंचिकांची संस्था आहे. फादर तिचे अध्यक्ष नसतात, आध्यात्मिक मार्गदर्शन करतात. सभासद सभेत प्रार्थना करतात आणि जोडीने घरभेटीला जातात. सभेतली वर्गणी गुप्त असते, म्हणजे कोणी किती दिले हे कळत नाही. ज्याला मदत दिली त्याची वाच्यता होत नाही. मदत देताना धर्म विचारला जात नाही.

ओझानाम पुढे सॉरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले. केवळ दान पुरेसे नाही, हे त्यांनी ओळखले होते. दान जखमेला मलम लावते. जखमच होऊ नये, हे पाहणे न्यायाचे काम. म्हणून कामगाराला रास्त मजुरी मिळावी, असे त्यांनी आग्रहाने मांडले. १८५३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते वारले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले आणि २००३ मध्ये सिस्टर रोझाली यांनाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही देवाच्या अस्तित्वावर तासन्‌तास वाद घालत असू. आता आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला घरोघरी जातो, तेव्हा म्हातारी माणसे पैसे क्वचितच मागतात. “फादर, जरा बसा ना,” एवढेच म्हणतात. पेटीतली नोट त्यांच्याजवळ बसू शकत नाही. आपण बसू शकतो.

मननासाठी :
१. माझ्या वाडीत किंवा इमारतीत एकटे कोण राहते?
२. मी त्या घरी शेवटचा कधी गेलो?
३. माझ्याकडे राबणाऱ्याला मी रास्त मजुरी वेळेवर देतो का?

तोच प्रश्न आज कोणी आपल्या धर्मग्रामाला विचारला, तर उत्तर देण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो.

– आपला धर्मगुरू