अंधारातल्या अळीचा अवरक्त फोटो

प्रश्न : परसात लिंबावर, कढीपत्त्यावर रात्री अळ्या, नाकतोडे असतात. कॅमेऱ्याला अवरक्त फिल्टर लावला, तर त्यांच्या अंगाच्या उष्णतेवर फोटो येतील का?
– एक वाचक, धरणगाव (जि. जळगाव)

उत्तर : उष्णतेवर नाही येणार, पण फोटो नक्की मिळतील. उष्णता टिपणारे कॅमेरे वेगळे असतात, महागही. त्यातही अळी फारशी उठून दिसत नाही, कारण तिचे अंग साधारण भोवतालच्या हवेइतकेच गरम असते. साधा कॅमेरा वस्तूवरून परतलेला अवरक्त प्रकाश टिपतो, म्हणून अंधारात दिवा हवाच. ८५० नॅनोमीटरचा एलईडी घ्या. हा प्रकाश बहुतेक किड्यांना दिसत नाही, त्यामुळे ते बुजत नाहीत. आपल्यालाही तो जेमतेम दिसतो, म्हणून जवळून त्याच्याकडे टक लावू नका.

खरी अडचण सेन्सरपुढच्या काचेची. ती अवरक्त प्रकाश अडवते, मग शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते आणि तोवर अळी सरकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर अशा फोटोंत ठिपकेही जास्त येतात. घरात जुना कॅमेरा पडून असेल, तर ती काच जाणकाराकडून काढून घ्या. स्वतः उघडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरचा जबर शॉक बसतो.

पाने पांढरीफेक येतील, रंग मिळणार नाहीत. म्हणून कीड ओळखायची असेल, तर एक फोटो साध्या उजेडात जरूर काढा.