रक्ताला मीच नाव दिलं

सकाळी चूळ थुंकली की मोरीत गुलाबी पाणी. दहा-बारा वर्षं मी हे रोज पाहिलं. मेहकरकडचं आमचं गाव. दात घासायचे ते मिसरीनं. "मीठ दाब, बसते ते," माय म्हणायची. दुखत नव्हतं, म्हणून दवाखान्याचा विषयच निघाला नाही. दाढा हलायला लागल्या तेव्हा भाकर दुधात कुस्करून खाऊ लागलो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी शौचातून रक्त पडलं. मूळव्याध, असं मीच ठरवलं. मेडिकलमधल्या गोळ्या, कुणी सांगितलेला पाला, यात आठ महिने गेले. सोयाबीनच्या सोंगणीत चक्कर येऊन पडलो, तेव्हा हिमोग्लोबिन सहा निघालं. संभाजीनगरला दुर्बिणीतून मोठ्या आतड्यात गाठ दिसली.

ऑपरेशननंतर केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. पोटाच्या आजारात दात कशाला? तेव्हा त्यांनी समजावलं. हिरड्यांच्या फटीत, हवा न पोचणाऱ्या जागी फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा जंतू राहतो. निरोगी तोंडातही तो असतो, पण कीटण साचलं की फोफावतो. २०१२ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांना तो आतड्याच्या गाठींत सापडला. २०२४ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी त्याचा एक उपप्रकार ओळखला. पोटातलं आम्ल सोसण्याची ताकद त्याच्यात आहे. लाळेबरोबर किंवा रक्तातून तो खाली जातो, गाठीला चिकटतो, शरीराच्या संरक्षक पेशींना अडवतो. केमोलाही गाठ मग नीट दाद देत नाही. माझी गाठ त्यानंच झाली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तंबाखू, वय, घराण्यातला आजार, हे सगळं धरावं लागतं.

तरीही कळकळीनं सांगतो, चूळ लाल दिसली तर मीठ दाबून गप्प बसू नका. जिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात. मशीननं कीटण काढलं की दात हलतात, ही भीती आमच्याकडे घरोघरी आहे. दात हलतात ते कीटणाखाली हाड झिजल्यामुळे. मिसरी सोडा. शौचातलं रक्त मूळव्याधीचं असेलही, पण ते डॉक्टरांना तपासून सांगू द्या. केमो घ्यायची वेळ आली तर आधी दात दाखवा; पांढऱ्या पेशी घटल्यावर एक किडकी दाढही जिवावर बेतते.

परवा मायला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. खालच्या दातांमागून निघालेलं कीटण मी तळहातावर घेतलं. तांदळाच्या कणीएवढे तुकडे, काळे, खरखरीत. माय बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.