ठिसूळ हाडे आणि व्यायाम : काय करावे, काय टाळावे

हाडांचा ठिसूळपणा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, असल्याचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : ‘आता आईंनी हालचाल करावी की नाही?’ बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. ‘आई, तुम्ही आता काही करू नका, नुसत्या बसून राहा,’ असे सून आणि मुलगा प्रेमाने सांगतात. हे प्रेम खरे असले तरी सल्ला घातक आहे. दुसरीकडे, दूरचित्रवाणीवर पाहून कोणतेही आसन करू लागणेही तितकेच घातक ठरू शकते. या दोहोंमधील सुरक्षित मार्ग देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर मांडावा, या हेतूने हा लेख अहवालात देत आहोत.

आजाराचे स्वरूप

हाड ही जिवंत वस्तू आहे. जुने हाड झिजते आणि नवे भरले जाते, ही क्रिया आयुष्यभर चालू असते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये झीज वाढते आणि भरणी मागे पडते. पुरुषही यातून सुटत नाहीत. आयुध निर्माणीतून किंवा डेपोतून निवृत्त झालेले, दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेले अनेक गृहस्थ या आजाराचे बळी ठरू शकतात.

हाडांची घनता डेक्सा नावाच्या तपासणीत मोजतात. तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी तुलना करून येणारा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस समजावा, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिला. मनगट, खुबा आणि पाठीचा कणा ही मोडण्याची मुख्य ठिकाणे होत. त्यांपैकी मणक्याचे मोडणे पुष्कळदा कळतही नाही. ‘पाठ धरली’ म्हणून मलम चोळले जाते. पुढे उंची कमी होते, पोक येते, तेव्हा उलगडा होतो.

व्यायाम का हवा

हाडावर भार पडला की आतील पेशींना तो जाणवतो आणि हाड टिकवून धरण्याचे काम चालू राहते. भार थांबला की हाड विरळ होते. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांत हे स्पष्ट दिसते. शिवाय बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, तोल जातो आणि माणूस पडतो. खुब्याचे बहुतेक अस्थिभंग पडण्यामुळेच होतात. म्हणजे जपण्यासाठी बसवून ठेवलेली व्यक्तीच पडण्याच्या अधिक जवळ जाते.

योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने हाडांची घनता थोडी वाढूही शकते. हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांचा एक अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला व तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली वजन उचलणाऱ्यांची कमरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. तेथील वजने घरी स्वतःहून उचलू नयेत, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे.

पाठ गोल करून वाकू नये

मणके एकावर एक रचलेल्या डब्यांसारखे असतात. ताठ उभे असताना भार सगळ्या मणक्यावर वाटला जातो. पाठ गोल करून पुढे वाकताच तो मणक्याच्या पुढच्या कडेवर एकवटतो. विरळ झालेली ती कडा चेपते आणि मणक्याला पाचरीचा आकार येतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. सिनाकी आणि मिकेल्सन यांनी ५९ स्त्रियांची पाहणी १९८४ साली प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत मणके नव्याने चेपलेले आढळले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के, दोन्ही प्रकार करणाऱ्यांत ५३ टक्के आणि व्यायाम न करणाऱ्यांत ६७ टक्के होते. गट लहान असल्याने हे आकडे जसेच्या तसे सर्वांना लागू करता येणार नाहीत. परंतु कोणत्या दिशेने जावे हे त्यातून समजते.

म्हणून पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, सूर्यनमस्कारातील पुढे वाकण्याची स्थिती, पाठीवर झोपून झटक्याने उठून बसणे आणि वजन हाती घेऊन कंबर पिळणे हे प्रकार अशा रुग्णांनी टाळावेत. याचा अर्थ योगाभ्यास सोडावा असा नाही. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, दोर आणि पट्टे यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत रुजविली. अशी आधाराची आसने जाणकार शिक्षकाकडून शिकता येतात.

घरी करावयाचे व्यायाम

१. हात न टेकता खुर्चीवरून उठणे व बसणे. प्रारंभी पाच वेळा, पुढे दहा वेळा. जमत नसेल तर हातांचा आधार घ्यावा.
२. भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहणे, हनुवटी किंचित आत घेणे आणि दोन्ही खवाटे एकमेकांकडे ओढणे.
३. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे. नंतर ओटा धरूनच एका पायावर दहा सेकंद उभे राहणे.
४. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येक हातात घेऊन, पाठ ताठ ठेवून, कोपरातून हात वाकवणे.
५. रोज अर्धा तास चालणे. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घालून.

दैनंदिन व्यवहार आणि वारी

केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू वापरावा. खाली पडलेली वस्तू गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलावी. भरलेली बादली एका झटक्यात उचलू नये. न्हाणीघरात धरण्यासाठी दांडा बसवावा. घोराडेश्वराच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना पडण्याची भीती अधिक. उतरताना सोबतच्या व्यक्तीचा हात धरावा.

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीक्षेत्र देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते. आपल्या परिसरातील अनेक माउली पालखीबरोबर चालतात. चालणे हाडांना हितकारकच आहे. पण वर्षभर बसून राहून एकदम दिवसभराची मजल मारणे योग्य नव्हे. तीन महिने आधीपासून सराव वाढवीत न्यावा. ठिसूळ हाडे असलेल्या स्त्रियांनी तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊ नये, ती सेवा तरुण सुनांना द्यावी. फुगडी न घालता टाळ्यांनी ताल धरावा आणि दंडवताऐवजी उभ्यानेच हात जोडावेत. विठ्ठलाला तोही नमस्कार पोहोचतो.

सावधगिरी

पाठीत अचानक तीव्र कळ आली, उंची कमी झाल्यासारखी वाटली, चक्कर आली अथवा छातीत दुखू लागले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अस्थिभंग नुकताच झालेला असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय व्यायाम सुरू करू नये. व्यायाम हा औषधांना पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे, ड जीवनसत्त्व आणि दूध, नाचणी, तीळ यांतून मिळणारे कॅल्शियम हेही तितकेच आवश्यक आहे.

या उपचारासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. एक भिंत, एक खुर्ची आणि रुग्णाजवळ उभे राहून शिकवणाऱ्या भौतिकोपचार तज्ज्ञाचा पुरेसा वेळ एवढेच पुरते. देणगीदारांच्या साहाय्यातून हा वेळ रुग्णांना मिळतो, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. कुटुंबीयांस आमची विनंती एवढीच, की पुढील तपासणीस येताना त्यांनी रुग्णासोबत स्वतः यावे आणि हे व्यायाम आमच्यासमोर शिकून घ्यावेत. घरी आधाराला शेवटी त्यांचाच हात असतो.