पत्त्यांचा डाव घरी बसवावा का?

“सिस्टर, पोकर खेळणं हा आजार आहे की गुन्हा?” माजरीच्या वस्तीत सिकलसेलची तपासणी संपली की हा प्रश्न हळू आवाजात येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते. कधी खेळणारा स्वतःच विचारतो, पण ‘माझा एक मित्र आहे’ असे म्हणून. प्रश्न बरेच साचले, म्हणून या वेळचे पान त्यांनाच दिले आहे.

पोकर हे नाव मोबाइलने आणले, तीनपत्ती आपल्याकडे जुनीच. पोळ्याला आणि दिवाळीला तासपत्ते निघतात, कुठे कोंबडबाजार भरतो, आणि ‘सणापुरतं चालतं’ म्हणत घरातले मोठेही शेजारी बसतात. तीनपत्तीत तीन पानांचा हात, पोकरमध्ये पाच पानांचा. पान न दाखवता बोली वाढवायची आणि समोरच्याला घाबरवून उठवायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी.

तरुण मुले म्हणतात, पोकर हा डोक्याचा खेळ आहे. हे अर्धे खरे आहे. केव्हा सोडायचे हे ज्याला कळते त्याचे नुकसान कमी होते. पण पाने वाटली जातात तेव्हा डोके काही करू शकत नाही. 52 पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे येतात. त्यातल्या 16,440 हातांत साधी जोडीसुद्धा नसते, म्हणजे शंभरातले सुमारे 74 हात रिकामेच. तिन्ही पाने सारखी येणे हे सरासरी 425 हातांत एकदा. पोकरमधला सर्वांत मोठा पाच पानांचा हात तर 6,49,740 हातांत एकदा. आणि ‘चार डाव हरलो, आता पाचवा माझाच’ हे तर निव्वळ भ्रम आहे. पत्ते पिसले की गड्डीला मागचा डाव आठवत नाही. आठवतो तो फक्त खेळणाऱ्याला.

आता घरी डाव बसवण्याचे. “आम्ही खेळत नाही, फक्त जागा देतो, चहा-भजी करतो आणि डावामागे वीस रुपये नाल घेतो,” असे सांगणारी घरे आहेत. त्यांनी एक हिशोब करावा. चार जण प्रत्येकी 500 रुपये घेऊन बसले, तर पुढ्यात 2,000 आले. रात्रभरात 50 डाव झाले तर 1,000 रुपये नालीत गेले. जिंकलेलाही त्यातूनच देतो. चौघांनी मिळून आणलेला निम्मा पैसा डाव बसवणाऱ्याच्या डब्यात, आणि ते चौघे बहुधा आपल्याच गल्लीतले. त्यांच्या घरचे रेशन आपल्या डब्यात आले, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

कायदाही नेमका या नालीवरच बोट ठेवतो. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. जागा किंवा पत्ते वापरू देऊन कोणी त्यातून कमाई करत असेल, तर ते घर जुगाराचे घर ठरते. कलम 4 चालवणाऱ्यासाठी आहे आणि कलम 5 तिथे बसलेल्यांसाठी. खेळ चालू असताना जो तिथे सापडला तो जुगारासाठीच आला होता असे धरले जाते; तसे नव्हते हे त्याने दाखवायचे. म्हणून पोराला चहा द्यायला पाठवू नका. बायांनो, घर तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही जाणूनबुजून हे चालू दिले, तर तुमच्यावरही येते. रस्त्यावर, झाडाखाली खेळले तर त्याला कलम 12 आहे.

रमीचे वेगळे आहे का? सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, पण त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला आणि चालवणारा नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो हेही सांगितले. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुगार ठरवले. पैसे न लावता मेंढीकोट, बदाम सात खुशाल खेळा. त्यावर आमचे काही म्हणणे नाही.

मोबाइलवर पैसे लावून खेळायचे सगळे खेळ, रमी-पोकरसकट, केंद्राच्या ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंद केले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, म्हणून मदत मागायला घाबरू नका. तरी चोरवाटेने लिंक आणि आयडी देणारे भेटतात. त्यांच्यासाठी आपले बँक खाते ‘भाड्याने’ देणारा पोरगा मात्र मोठ्या लफड्यात सापडतो.

आता आजाराचे. होय, जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. तीन गोष्टी पाहायच्या. थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही. खेळ जेवण, झोप, ड्युटी, मुले यांच्या आधी येतो. आणि एवढे नुकसान दिसूनही तो चालूच राहतो. हे वर्षभर चालले, किंवा फार तीव्र असेल तर त्याआधीही, तर उपचार हवा. कंपवाताच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना, आधी कधी पत्ता हातात धरला नसतानाही, जुगाराची ओढ लागल्याचे डॉक्टरांना माहीत आहे. मेंदूचा भाग किती आहे हे त्यावरून कळते. (तशी गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.)

दारूचा वास येतो, चाल बिघडते. चंद्रपूर जिल्ह्यात बायांनी लढून 2015 मध्ये दारूबंदी आणली, ती 2021 मध्ये उठली. पण दारू घरात शिरलेली कळते तरी. पत्त्याला वास नाही. लक्षणे वेगळी असतात: पगार झाल्यावर दोन दिवसांत उसनवारी, मंगळसूत्र ‘पॉलिशला दिले’, बचत गटाचा हप्ता चुकलेला, फोन पालथा ठेवलेला, झोप उडालेली. खाणीत डंपर चालवणारा माणूस रात्रभर बसून सकाळच्या पाळीला गेला, तर त्याच्या झोपेची किंमत दुसऱ्याच्या जीवाने चुकवावी लागू शकते.

“पंचशीलात जुगार कुठं आहे?” असेही विचारतात. पाच शिलांत नाव नाही, खरे. पण सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले: जिंकला तर वैर, हरला तर शोक, धनाचा नाश, सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत मान नाही, लग्नाला स्थळ नाही. घरोघरी फिरताना आम्हाला हीच यादी दिसते. मात्र सुत्त आजारी माणसाच्या तोंडावर फेकून मारू नका. लाजेने तो आणखी लपवतो.

“एकदा कर्ज फेडून टाकू का?” सगळे उघड झाल्याशिवाय नको. नाहीतर कर्ज फिटते आणि पुन्हा खेळायची वाट मोकळी होते. कोणाचे किती, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्याच्या संमतीने पगाराचे एटीएम कार्ड आणि फोनवरून पैसे पाठवण्याची सोय काही महिने दुसऱ्याच्या हाती ठेवा. एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे: पैज-जुगारातले देणे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे कोर्टातून वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकार दारात उभा राहत असेल तर सहकारी संस्थांच्या तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार द्या.

‘मी नसलो तर बरं होईल’ असे कोणी बोलले तर वाट पाहू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका आणि फवारणीचे औषध घराबाहेर हलवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. उपचार मुख्यतः समुपदेशनाचा असतो. सोबत दारू किंवा उदासी असेल तर औषधही देतात. खेळणारा यायला तयार नसेल, तर पहिल्या खेपेला घरच्यांनी एकट्याने जाऊन बोलले तरी चालते.