मॉन्टेसरी वर्गातली सहायक ताई व्हायचंय?

मॉन्टेसरीच्या वर्गात सहायक ताईचं मुख्य काम शिकवण्याचं नसतं. वर्ग मांडून ठेवायचा, मुलांकडे बारकाईने पाहायचं आणि गरज नसेल तिथे आपला हात आवरायचा. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड आहे. म्हणून तयारीची सुरुवात पुस्तकापासून नको, वर्गापासून करा.

जवळच्या चांगल्या मॉन्टेसरी शाळेत परवानगी काढून एक पूर्ण सकाळ कोपऱ्यात बसा. मोबाईल बंद, हातात वही. आपणहून मुलांशी बोलू नका आणि जे दिसतं तेवढंच लिहा. ‘मुलगी हट्टी आहे’ हे तुमचं मत झालं. ‘मुलीने पाणी ओतलं, सांडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच फडकं आणलं’ ही नोंद. असं लिहायची सवय लागली की मदतीला कधी जायचं आणि कधी थांबायचं हे आपोआप कळू लागतं.

मग अभ्यासक्रम निवडा. मारिया मॉन्टेसरी यांनी 1929 मध्ये स्थापन केलेल्या असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल, म्हणजे एएमआय, या संस्थेचा किमान 60 तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सहायकांसाठी असतो. मुख्य शिक्षिकेची पदविका त्याहून कितीतरी मोठी असते. आपल्याकडे इतरही संस्था असे वर्ग घेतात. कुठेही फी भरण्याआधी विचारा: साधनं हाताळायला मिळतील का? वर्गनिरीक्षण किती तासांचं? शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः मुलांच्या वर्गात किती वर्षं काम केलंय? नुसते व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळत असेल, तर तिथे पैसे घालवू नका.

घरचा सराव आजच सुरू करता येतो. साधनं महाग आहेत म्हणून अडून बसू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला खडे, शिंपले, बिया, पानं अशा आजूबाजूच्या वस्तूंतून बालवाडी उभी केली. तुम्हाला एक ट्रे, दोन सारखे छोटे जग, वाटीभर मसूर आणि एक फडकं पुरे.

उजवीकडच्या जगात निम्म्यापर्यंत डाळ घ्या. ट्रे दोन्ही हातांनी, पोटाशी धरून आणा आणि आवाज न करता ठेवा. ट्रेसमोर घरातलं कुणीतरी मूल समजून बसवा. तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला बसा, म्हणजे तुमचा हात त्याच्या नजरेआड होणार नाही. जग उचला, त्याची चोच दुसऱ्या जगाच्या बरोबर मधोमध आणा, क्षणभर थांबा, मग सावकाश ओता. शेवटचा दाणा पडेपर्यंत जग सरळ करू नका. ट्रेमध्ये दाणा सांडला असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलून परत टाका. हे सगळं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण आपण बोलू लागलो की मूल हाताकडे पाहायचं सोडून तोंडाकडे पाहतं. झालं की ‘आता तू कर’ एवढंच म्हणा आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवा. डाळीवर हात बसला की पाणी घ्या. फडकं तेव्हा लागेल.

वर्गात रुजू झाल्यावर नवं साधन मुलाला प्रथम दाखवणं हे मुख्य ताईंचं काम. तुमचा दिवस मुलं येण्याआधी फडताळापाशी सुरू होतो. टवका गेलेला जग बाजूला काढा, ओलं फडकं बदला, पेन्सिलींना टोक करा. गुलाबी मनोऱ्याचे दहाही ठोकळे मोजा. सर्वांत मोठा 10 सेंटिमीटरचा, तो कुठे जात नाही. 1 सेंटिमीटरचा मात्र खिशात जातो, आणि एक ठोकळा हरवला की मनोरा अपुरा राहतो. शिवाय हा ठोकळा तोंडात जाण्याएवढा लहान असतो, म्हणून लहान मुलांसाठीचं प्रथमोपचार प्रशिक्षण जरूर घ्या.

काम करणाऱ्या मुलाला मध्येच ‘शाब्बास’ म्हणू नका, त्याने लक्ष उडतं. वेगवेगळ्या मापांचे लाकडी दट्टे खाचांत बसवायच्या साधनावर मुलाने एखादा दट्टा चुकीच्या खाचेत घातला तरी गप्प राहा. शेवटी एक दट्टा उरतो आणि चूक मुलाला स्वतःला दिसते. पण कुणाला इजा होत असेल, कुणी दुसऱ्याचं काम उधळत असेल किंवा साधन आपटत असेल, तर ताबडतोब उठा. लांबून ओरडू नका. जवळ जा, गुडघ्यावर बसा, हळू आवाजात बोला.

नोकरी पत्करण्याआधी शाळाही पारखून घ्या. मॉन्टेसरी हे नाव कुणीही पाटीवर लिहू शकतं. साधनं कुलूपबंद कपाटात आणि तीन वर्षांची मुलं रांगेत बसून पाटीवर अक्षरं गिरवताहेत असं दिसलं, तर पगार बरा असला तरी ती नोकरी घेऊ नका. तिथे तुमचं शिक्षण वाया जाईल.