पंचगंगेसाठी सरकारी पैसा : गावाने कुठे मागायचा, पदरचं किती घालायचं

हातकणंगले तालुक्यात नदीसाठी काही करू पाहणारी तरुण मंडळं आणि बचत गट पहिला प्रश्न विचारतात तो अनुदानाचा. किती मिळतं? पैसा मिळतो, आणि लाखांत मिळतो. मात्र ‘नदी’ या नावाने गावाच्या हाती जवळजवळ काही पडत नाही. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत पंचगंगा आली, त्यातून कोल्हापुरात कसबा बावड्याला रोज ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं. तो पैसा शहराचा. पंचगंगेकाठच्या रुकडी, रुई, इंगळीला किंवा वारणाकाठच्या निलेवाडी, खोचीला जे मिळू शकतं ते सांडपाणी, मजुरी, गाळ आणि पाणलोट या नावांनी येतं. तेव्हा आपलं काम यातल्या कोणत्या नावात बसतं, हे अर्जाआधी ठरवा.

पहिला रुपया कुठे घालायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे. गावचं सांडपाणी ज्या ओढ्यातून नदीला मिळतं, त्या ओढ्याच्या तोंडाशी. केंदाळ काढायच्या मोहिमेवर नव्हे. पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घातले जातात, पाणी तुंबतं आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर केंदाळ पोसतं. श्रमदानाने ते एकदा निघेल, पण खाद्य येतच राहिलं तर पुढच्या हंगामात पुन्हा तेवढंच. गावातल्या माणसांची उमेद अशा कामात संपते, हे फार वाईट आहे.

ओढ्यासाठी सगळ्यात मोठा आणि सरळ हिशेबाचा पैसा स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ चा आहे. सांडपाणी व्यवस्थापनासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत मर्यादा धरली आहे. यातले ७० टक्के मिशन देतं, ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. ४,००० वस्तीच्या गावाचा हिशेब असा : एकूण ११ लाख २० हजार, मिशनचे ७ लाख ८४ हजार, पंचायतीचे ३ लाख ३६ हजार. ८,००० वस्तीचं गाव असेल तर एकूण मर्यादा ५२ लाख ८० हजार, त्यात पंचायतीचा वाटा १५ लाख ८४ हजार. घनकचऱ्याचे दर वेगळे आहेत : लहान गावाला माणशी ६० आणि मोठ्या गावाला ४५ रुपये.

पंचायतीचा हा वाटा येतो कुठून? १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. म्हणजे ‘आमच्याकडे निधी नाही’ असं उत्तर मिळालं तर बंधित निधीचा जमाखर्च ग्रामसभेत मागा. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. योजनांचे टप्पे आणि वित्त आयोगाचा काळ बदलतो, म्हणून पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात चालू वर्षाचं परिपत्रक डोळ्यांनी पाहूनच आकडे पक्के करा.

आता या तालुक्याची खरी अडचण. नदीकाठची जमीन काळी, चिकण. तिच्यात शोषखड्डा पाणी लवकर जिरवत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे शोषखड्डे राज्यभर गाजले, पण तो नमुना प्रत्येक मातीत जसाच्या तसा चालेल असं धरू नका. खड्डा खणून पाणी ओता, किती वेळात जिरतं ते मोजा. या चाचणीला फावडं आणि एक सकाळ लागते. पाणी थांबलं तर स्थिरीकरण तळ्याचा किंवा वनस्पतींच्या गाळणीचा आराखडा मागा. दुसरी अडचण पुराची. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको की ओढ्याच्या तोंडाशी म्हणजे अगदी काठावर नव्हे. पाटबंधारे विभागाच्या निळ्या पूररेषेत तळं बांधलं तर अनुदानही वाहून जाईल. जागा पूररेषेच्या वर आणि वस्तीच्या खाली शोधा, म्हणजे पाणी उताराने येईल आणि पंप लागणार नाही.

पंपाचं एवढं का सांगतो? कारण बांधकामाला अनुदान आहे, वीजबिल मात्र पुढे वर्षानुवर्षं पंचायतीच्याच माथी येतं. ५ अश्वशक्तीचा पंप रोज दोन तास चालला तर महिन्याला सुमारे २२५ युनिट होतात. पंचायतीच्या बिलावरचा दर त्याला गुणून पाहा. गाळ उपसायला, जाळी साफ करायला महिन्यातून आठ दिवस एक माणूस लावला, तर रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने वर्षाला २९,९५२ रुपये लागतात. ८०० घरांच्या गावात घरामागे वर्षाला ३८ रुपयेही पडत नाहीत. एवढी किरकोळ रक्कम आधी ठरवलेली नसते, म्हणून लाखोंचं काम बंद पडतं. प्रस्तावाच्या ठरावातच ही तरतूद लिहून घ्या. माझ्या मते ज्या ठरावात देखभालीचा आकडा नाही त्याला ग्रामस्थांनी हात वर करू नये.

नदीचं दुसरं टोक डोंगरावर आहे. आळत्याच्या रामलिंग-धुळोबाचा डोंगर, कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर इथली माती ओढ्यांनी खाली येते. तिथे समतल चर, दगडी बांध, झाडं हवीत. केंद्राच्या पाणलोट विकास २.० योजनेत हेक्टरी २२,००० रुपयांपर्यंत, दुर्गम व डोंगराळ भागात २८,००० पर्यंत खर्च धरला आहे. केंद्र ६०, राज्य ४० टक्के. ५०० हेक्टरला २२,००० च्या दराने १ कोटी १० लाख होतात. आकडा मोठा वाटतो, पण एकट्या गावाला तो अर्ज करून मिळत नाही. प्रकल्प साधारण ५,००० हेक्टरच्या समूहाला मंजूर होतो, म्हणून शेजारच्या गावांचे ठराव एकत्र करून जिल्हा जलसंधारण कार्यालयाकडे जा. अटल भूजल योजनेच्या मागे लागून वेळ घालवू नका. महाराष्ट्रातल्या तिच्या १३ जिल्ह्यांत कोल्हापूर नाही.

तोवर चरांसाठी रोजगार हमी आहे. मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागे, त्यामुळे मातीकामाला ती सोयीची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे आणि जलसुरक्षेच्या कामांना अग्रक्रम आहे. अडचण माणसांची. इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत रोज हमीच्या मजुरीपेक्षा जास्त पडतो, तेव्हा मजूर मिळतील का हे गावात विचारूनच कामाची मागणी लिहा.

तलावातला गाळ काढायचा असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ पाहा. २०२३ साली ठरलेले दर असे : यंत्र आणि इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये, म्हणजे १० हजार घनमीटरला ३ लाख १० हजार. गाळ शेतात पसरणाऱ्या अल्प व अत्यल्प भूधारकाला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांच्या आणि एकूण ३७,५०० च्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत. एकरी ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १४१ ब्रास. ट्रॉल्यांचं भाडं आधी ठरवून घ्या, कारण शेत लांब असेल तर अनुदानाच्या वर पदरचे जातील. मोठ्या बागायतदाराला वाहतूक स्वतःच करावी लागते. वाळू काढायला या योजनेत बंदी आहे, हे जेसीबीवाल्याला पहिल्याच दिवशी बजावा.

कागदांना फारसा खर्च नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये. अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता सरकारी अभियंत्याचं कामच आहे. जागा गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीला वेळ जातो, तो धरून चला. गावचा विकास आराखडा २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या मोहिमेत ठरतो. काम त्यात नसेल तर वर्ष गेलं. एवढ्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही, ग्रामसभेची समिती पुरते. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तरच न्यास, त्याची १२अ आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ अर्ज लागेल. मग दरवर्षीचं लेखापरीक्षणही आलंच.

आणि कारखान्यांचं रंगीत पाणी? ते साफ करायला गावाने एक पैसाही घालू नये. ज्याने घाण केली त्याने भरायचं, असा कायदा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार फुकट होते. मंडळाने नमुने घेतले का, निष्कर्ष काय, हे माहिती अधिकारात १० रुपयांत आणि पानाला २ रुपये देऊन मागता येतं. तरीही हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. मूळ घटनेपासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून मेलेले मासे दिसले त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून पंचनामा करून घ्या.